मुलांच्या शाळेतली मंदा

लग्नाच्या बुफेत शिट्टी मारणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. मी पाहिली आहे, आणि तीही माझ्याच मुलीच्या लग्नात.

अक्षता पडल्या आणि मंडळी जेवणाच्या टेबलांवर तुटून पडली. माझे व्याही मोठे शांत गृहस्थ. रिकामं ताट छातीशी धरून ते जिलबीपर्यंतचा रस्ता शोधत होते. तेवढ्यात कार्यालयाच्या मधोमध एक सडसडीत बाई उभी राहिली. इरकली साडी, कानापर्यंत कापलेले पांढरे केस. तिने दोन बोटं तोंडात घातली आणि अशी काही शिट्टी मारली की सनईवाल्याने सनई खाली ठेवली.

झालेल्या शांततेत ती म्हणाली, "रांगेत."

ओरडली नाही. नुसतं म्हणाली. आणि पुण्यातली, शिकलेली, कोणाचंही न ऐकणारी दोन-अडीचशे माणसं निमूट रांगेत उभी राहिली. एका घाबरलेल्या पाहुण्याने तर विचारलं, "उंचीप्रमाणे का?"

व्याह्यांना जिलबी मिळाली. ती खाता खाता त्यांनी मला हळूच विचारलं, "या बाई आपल्या कोण?"

"माझ्या शाळेतली. आमच्याच बॅचची."

"पण तुमची तर फक्त मुलांची निवासी शाळा होती ना?"

"हो."

व्याह्यांनी दुसरी जिलबी घेतली आणि विषय सोडून दिला. शांत गृहस्थ, म्हटलं ना. पण तुम्हाला सांगायला हवं.

आमची शाळा वारज्याच्या पुढे, टेकडीच्या पायथ्याशी. आता तिथे टेकडी शोधावी लागते, इमारतीच इतक्या झाल्या आहेत. आम्ही पाचवीत पत्र्याची ट्रंक आणि वळकटी घेऊन उतरलो तेव्हा चहूकडे शेतं होती आणि संध्याकाळनंतर पुण्याला जायला बस नव्हती. ज्या पोरांना घरची आठवण येऊन पळून जावंसं वाटे, ती या एका कारणामुळे शिकून मोठी झाली.

शाळेचे रेक्टर करंदीकर सर. मेसच्या पलीकडे त्यांचं छोटं दगडी घर होतं. बायको लवकर वारली. घरात सर आणि त्यांची एकुलती एक मुलगी. ही मंदाकिनी, म्हणजे मंदा. चारशे मुलांच्या आवारात एक मुलगी.

सरांनी तिच्यासाठी वेगळे नियम केले नाहीत. त्यांच्याकडे नियमांचा एकच संच होता. पहाटेच्या बेलला आम्ही उठायचो, तीही उठायची. आम्ही पी.टी.ला, तीही पी.टी.ला. आम्हाला मैदानाला फेऱ्या मारायची शिक्षा झाली की तीही धावायची, आणि शिक्षेचं कारण बहुतेक वेळा तीच असायची. झाडावर चढणं, कुंपणावरून उडी, ऑफस्पिन, यांतलं काहीही तिला आमच्यापेक्षा कमी येत नव्हतं. शिट्टी तर तिने आम्हाला शिकवली.

फक्त एक गोष्ट तिला मिळाली नाही. वर्गात बसणं. "ही मुलांची शाळा आहे," सर म्हणायचे. "नियम म्हणजे नियम." मग ती सकाळी बसने शहरातल्या एका मुलींच्या शाळेत जायची आणि दुपारी जेवायला परत यायची. दहावीची परीक्षा तिने त्या शाळेतून दिली, मार्कही आमच्यापेक्षा जास्त मिळवले. पण तुम्ही तिला विचारा, "शाळा कुठली?" ती आमची सांगणार. छाती पुढे काढून.

त्या मुलींच्या शाळेने एकदा तिला मेळाव्याचं बोलावणं केलं. फोन आला तेव्हा मी तिथेच बसलो होतो.

"नाही जमणार," मंदा म्हणाली. "त्या दिवशी माझ्या शाळेचा मेळावा आहे."

पलीकडून काहीतरी विचारणा झाली असावी.

"हो, दहावी तुमच्याकडून झाले. अहो, परीक्षेला बसायला कुठली तरी शाळा लागतेच."

पुढे ती बँकेत लागली. लक्ष्मी रोडच्या शाखेत तिच्या काउंटरपुढची रांग म्हणजे सरळ रेषेची व्याख्या. एकदा एक नगरसेवक सवयीने रांग सोडून पुढे आले. मंदाने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. फक्त पेन खाली ठेवलं. पेन खाली म्हणजे काम बंद. मागच्या लोकांनी नगरसेवकांकडे पाहिलं, नगरसेवकांनी मंदाकडे पाहिलं, आणि ते मुकाट शेवटी जाऊन उभे राहिले. पुढे ते कायम तिच्याच काउंटरला यायचे. म्हणायचे, "इथं रांग लागते, पण सरकते."

लग्न तिने केलं नाही. कुणी खोदून विचारलंच तर म्हणते, "चारशे मुलगे बघून झाल्यावर एकाने काय होतंय?"

सरांच्या निवृत्तीनंतर बापलेक नारायण पेठेत राहायला आले. सर गेल्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. पण नारायण पेठेतल्या त्या दोन खोल्यांत आजही शाळा भरते. पानात टाकलेलं चालत नाही. चपला जोडीने आणि टाचा भिंतीकडे करून ठेवायच्या. आणि जेवायला बसण्यापूर्वी नखं दाखवायची. ही गंमत नाही. माझा जावई तेव्हा जावई व्हायचा होता. मुलीने त्याला मंदाआत्याला भेटायला नेलं. मुलगा परदेशात शिकलेला, मोठ्या कंपनीत. मंदाने दार उघडलं, त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "नखं."

त्याने दोन्ही हात पुढे केले. तिने आधी तळवे, मग पालथी बाजू पाहिली.

"टिकला असता," ती माझ्या मुलीला म्हणाली.

हे मंदाचं सर्वोच्च प्रशस्तिपत्रक. जगातल्या सर्व माणसांचे तिने दोन भाग केले आहेत. आपल्या डॉर्ममध्ये टिकले असते ते, आणि आठवडाभरात रडत घरी गेले असते ते. मंत्री, नट, क्रिकेटपटू, तिच्या सोसायटीचे चेअरमन, कोणाचीही यातून सुटका नाही. चेअरमन टिकले नसते. माझ्या बायकोचा निकाल तिने लग्नानंतर दहा-बारा वर्षं राखून ठेवला होता. एकदा आमच्या घरी पंधरा माणसं अचानक जेवायला आली, बायकोने कुरकुर न करता पिठलं-भात रांधून सगळ्यांना वाढलं. मंदा हात धुताना म्हणाली, "ही टिकली असती." बायकोने ते माहेरी फोन करून सांगितलं.

आमचा माजी विद्यार्थी मेळावा जानेवारीतल्या एका रविवारी असतो. मंदा पहिल्या बसने येते. फाटकाशी उभी राहते आणि येणाऱ्या प्रत्येकाला लांबूनच ओळखते. आम्ही एकमेकांना ओळखत नाही. केस गेलेले, पोटं आलेली. मंदा म्हणते, "तोंडं कशाला बघता? चालणं बघा. माणूस चालतो तसाच राहतो." आमच्यातला एक जण आज नामांकित हृदयशल्यचिकित्सक आहे. एका वर्षी तो आपल्या दोन विद्यार्थ्यांना कौतुकाने शाळा दाखवायला घेऊन आला. गाडीतून उतरतो तो फाटकावरून आवाज आला, "ए ढेकण्या, शर्ट खोच!" डॉक्टरांनी शर्ट खोचला. विद्यार्थ्यांनीही खोचला.

दुसरा आमचा बाळू. हडपसरच्या शेतकऱ्याचा मुलगा. सुट्टीवरून येताना पोतंभर गाजरं आणायचा म्हणून त्याचं नाव गाजर. आज हडपसरला त्या गाजरांच्या रानात त्याच्याच इमारती आहेत आणि लोक त्याला बाळासाहेब म्हणतात. मंदा मात्र त्याला भर सभेत म्हणते, "गाजर, मोबाइल बंद." आणि बाळूचा चेहरा फुलतो. "आख्ख्या पुण्यात मला गाजर म्हणणारं येकच माणूस शिल्लक हाय," असं तो अभिमानाने सांगतो.

असं सगळं छान चाललं होतं. मग आमच्या मंडळाला नवा सेक्रेटरी मिळाला. ओंकार.

ओंकार मुलगा चांगला आहे, हे आधीच सांगतो. आमच्यानंतर वीस-पंचवीस वर्षांनी त्याच शाळेतून बाहेर पडलेला, आयटीतला, तळमळीचा. आमचा ढिसाळ कारभार पाहून त्याने सगळं कॉम्प्युटरवर आणलं. मंडळाची घटना त्याने वाचून काढली, म्हणजे ती वाचणारा तो पहिलाच. मेळाव्याच्या दिवशी फाटकावर टेबल मांडलं, शाळेच्या दप्तराशी ताडून पाहिलेल्या प्रत्येक सदस्याला गळ्यात अडकवायला निळी फीत.

मंदा नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी पोहोचली. पुढचा संवाद टेबलावर बसलेल्या मुलीने मला नंतर जसाच्या तसा सांगितला. ती बिचारी कोणाची तरी भाची, मदतीला आलेली.

"मॅम, कुठली बॅच?"

"सगळ्या."

"नाही म्हणजे, पासिंग आउट इयर?"

"मी बाहेर पडलेच नाही."

मुलीने ओंकारला बोलावलं. ओंकारने नाव टाकून पाहिलं, पुन्हा टाकून पाहिलं. "मॅम, सॉरी, सिस्टीममध्ये तुमचं नाव येत नाहीये. तुम्ही कोणाच्या स्पाउस आहात का?"

"अजून तरी कोणाची नाही."

ओंकारला करंदीकर सर हे नुसते भिंतीवरच्या फोटोतले माहीत. त्याने नम्रपणे तिच्या हातात पिवळी फीत दिली. तिच्यावर लिहिलं होतं 'पाहुणे'.

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. मंदाने ती फीत गळ्यात घातली, नीट केली, आणि पाहुण्यांच्या सोफ्यावर जाऊन बसली. दिवसभर.

मी पोहोचलो तेव्हा ती हसून म्हणाली, "अहो अविनाशराव, नमस्कार. आपला प्रवास ठीक झाला ना?"

मला वाटलं थट्टा करते आहे. मग तिने बाळूला विचारलं, "बाळासाहेब, पाहुण्यांसाठी स्वच्छतागृह कुठे आहे हो?" ज्या आवारातला प्रत्येक दगड तिने पायाखाली घातला होता, तिथे ती रस्ता विचारत होती. बाळूने दाखवला. काय करणार? दुपारी मेसमध्ये नेहमीची झुंबड उडाली. सगळ्यांनी मंदाकडे पाहिलं. ती ताठ बसून राहिली. "मी पाहुणी," ती म्हणाली. "पाहुण्यांनी यजमानांच्या व्यवस्थेत लक्ष घालू नये. बरं दिसत नाही."

निघताना बाळू माझ्या गाडीशी आला. "मला बाळासाहेब म्हणाली रे ती," तो म्हणाला. 

पुढच्या वर्षी ती आलीच नाही.

त्या मेळाव्याचं काय वर्णन करू? शाळेचं गीत कुणीतरी इतक्या वरच्या पट्टीत सुरू केलं की दुसऱ्या कडव्यापर्यंत फक्त डॉक्टर उरले, तेही श्वास कसा घ्यावा हे माहीत असल्यामुळे. जेवणाला शिरा दोनदा घेणारे घेऊन गेले आणि मागच्यांना पोळी-उसळ उरली. एक जण शाळा सोडल्यापासून पहिल्यांदाच आला होता, दूर विदर्भातून. त्याला कोणी ओळखलं नाही. तो तासभर वडाखाली एकटा उभा होता. शेवटी माझ्याकडे येऊन म्हणाला, "मंदा दिसत नाही. ती असती तर तिने हाक मारली असती."

त्याच आठवड्यात बाळू, मी आणि ओंकार नारायण पेठेत गेलो. तोवर ओंकारला सगळं कळलं होतं आणि त्याला झोप लागत नव्हती.

"या, बसा," मंदा म्हणाली. "आपण पाणी घेणार?"

"मंदे, हे आपण-बिपण बास कर," बाळू म्हणाला. "चुकलं आमचं. हे पोरगं माफी मागायला आलंय."

ओंकार उभा राहिला. "मावशी, आय ॲम रिअली सॉरी. मला माहीत नव्हतं. आम्ही तुम्हाला मानद सदस्यत्व देतोय. कमिटीने एकमताने—"

"बस खाली," मंदा म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तुझं काहीही चुकलेलं नाही. शाळेच्या पटावर ज्याचं नाव, तो माजी विद्यार्थी. माझं नाव पटावर नव्हतं. नियम माझ्याच वडिलांनी केलेत आणि तू पाळलेस. या दोघांपेक्षा तू बरा आहेस."

"मग मानद घ्या ना, मावशी."

"मानद म्हणजे काय रे? जे नाही ते आहे असं दाखवायचं. मला सवलत नको. बाबांनी कधी दिली नाही, आता तुमच्याकडून कशाला घेऊ?"

एवढं बोलून ती उठली आणि ओंकारला म्हणाली, "नखं बघू." पाहिली. "टिकला असता," असं म्हणून तिने आम्हाला निरोप दिला. ओंकार जिना उतरताना डोळे पुसत होता.

मग आम्ही देसाई सरांकडे गेलो. आमचे वर्गशिक्षक, गणित शिकवायचे. त्या काळच्या शिक्षकांतले तेवढे एकच राहिलेत. वारज्यात मुलाकडे असतात. नव्वदीला टेकले आहेत, ऐकू कमी येतं, बाकी सगळं जागच्या जागी.

बाळूने त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सगळी हकिकत ओरडून सांगितली.

"ओरडू नकोस, बाळू," सर म्हणाले. "बहिरा मी आहे, शेजारी नाहीत."

मग त्यांनी खिडकीकडे पाहिलं.

"पटावर नाव नव्हतं, हे खरं आहे," ते म्हणाले. "पण वर्गात कोण होतं हे पटाला काय विचारता? शिकवत मी होतो. मला विचारा."

"म्हणजे सर?"

"तुमचा गणिताचा तास दुपारचा. ती पोरगी सकाळच्या शाळेतून यायची, दोन घास खायची आणि आपल्या वर्गाच्या खिडकीखाली व्हरांड्यात येऊन बसायची. मांडीवर वही. आठवीपासून दहावीपर्यंत. तुम्हा गाढवांना पत्ता नव्हता."

खरोखर नव्हता.

"म्हणून ती खिडकी मी कधी लावू दिली नाही."

"सर, थंडीत आम्ही कुडकुडायचो!" मी म्हणालो.

"गणित थंड डोक्याने करायचं असतं, असं सांगायचो मी तुम्हाला. पटलं होतं की." सर हसले. "फळ्याच्या त्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहायचो. संध्याकाळी ती मैदानावर मला गाठून उत्तरं दाखवायची. बरोबर असायची. तुमची नसायची."

"आणि करंदीकर सरांना हे..."

"शाळेत कुठला नळ गळतो हे ज्या माणसाला माहीत, त्याला आपली मुलगी कुठे बसते हे माहीत नसेल?" देसाई सर म्हणाले. "ऑफिसातून घरी जायचा त्यांचा रस्ता त्या व्हरांड्यातूनच होता. पण दुपारी ते तिथून कधी गेले नाहीत. भर उन्हात मैदानाला वळसा घालून, मेसच्या मागून जायचे. नियमही मोडायचा नव्हता आणि मुलीलाही उठवायचं नव्हतं. एकदा मी विषय काढला, तर म्हणाले, 'देसाई, उन्हातून चालणं प्रकृतीला बरं असतं.'"



"फोन लाव तिला," सर म्हणाले. ओंकारने लावला. सर फोनमध्ये एवढंच बोलले, "मंदाकिनी, देसाई बोलतोय. मेळाव्याला तास आहे. उशीर करू नकोस." आणि फोन ठेवून दिला.

शिक्षकांनी बोलावल्यावर जायचं, हाही नियमच होता.

या जानेवारीतली गोष्ट. देसाई सरांना बाळूने स्वतः गाडीतून आणलं, दोघांनी धरून जुन्या वर्गात नेलं. बाकांवर आम्ही मावत नव्हतो. डॉक्टर एका बाकात अडकले आणि त्यांना तसंच राहू दिलं. गेल्या वर्षी वडाखाली उभा राहिलेला विदर्भातला तोही आला होता. ओंकार दाराशी उभा. आणि मंदा कुठेच दिसेना.

सर खुर्चीत बसले. हातात कागद नव्हता.

"हजेरी," ते म्हणाले.

आणि त्यांनी आमची नावं घ्यायला सुरुवात केली. आडनाव, नाव, वडिलांचं नाव. पांढऱ्या मिशांची, नातवंडं झालेली माणसं एकेक करत उभी राहून "हजर, सर" म्हणत होती. मधेच काही नावांना उत्तर आलं नाही. तेव्हा कुणीतरी हळू आवाजात म्हणायचं, "सर, तो गेला." सर मान हलवायचे आणि पुढचं नाव घ्यायचे. काही नावं ते विसरले. ज्यांची विसरले त्यांनी स्वतःच उठून सांगितली. सगळी नावं झाली. आम्हाला वाटलं, संपलं.

"करंदीकर, मंदाकिनी वामन."

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. 

"हजर, सर."

आवाज खिडकीबाहेरून आला. आम्ही सगळे वळलो. खिडकीच्या कट्ट्यावरून पांढऱ्या केसांचं डोकं वर आलं. ती खाली व्हरांड्यात बसली होती, एवढा वेळ. लग्नाचं कार्यालय एका शब्दात गप्प करणारी बाई, पण तिचा आवाज जेमतेम आमच्यापर्यंत पोहोचला.

"बाहेर काय करतेस?" देसाई सर म्हणाले. "आत ये. जागा आहे."

ती व्हरांड्याने चालत आली, दाराशी थांबली. "आत येऊ, सर?"

"ये."

बाळू घाईघाईने बाकावर सरकला. "ये मंदे. हितं बस."

ती बसली. बाकावर दोन्ही हात ठेवले आणि समोर फळ्याकडे पाहत राहिली. ओंकार पुढे झाला आणि त्याने निळी फीत तिच्यासमोर ठेवली. तिच्यावर आमच्या बॅचचं साल होतं आणि तिचं नाव. "मावशी, मानद नाहीये," तो म्हणाला. "मी घटना परत वाचली. वर्गशिक्षकांनी प्रमाणित केलं तर चालतं. सरांनी केलंय." हे कलम घटनेत कुठे आहे ते मी अजून त्याला विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

मंदाने फीत गळ्यात घातली. मग मागे वळून आमच्याकडे पाहिलं. "काय बघताय सगळे? समोर बघा. तास चालू आहे."

अख्खा वर्ग हसला. मला तर असा अभिमान वाटला, की जणू शाळेने मला काही दिलं असावं. शाळा मोठी केव्हा होते? आमच्यातला डॉक्टर डॉक्टर झाला तेव्हा झाली असेल. पण मला विचाराल तर त्या दुपारी झाली.

जेवण रांगेत झालं, हे सांगायला नको.

उन्हं कलायच्या आत आम्ही निघालो. मंदा बस मिळते म्हणत होती, मी ऐकलं नाही, गाडीत बसवलं. वारजं मागे पडेपर्यंत ती बोलत होती. कोण किती जाड झालं, शिऱ्यात वेलची जास्त झाली, डॉक्टरला बाकातून कसा काढला. मग कर्वे रोडच्या सिग्नलला ती आपल्याशीच हसली.

"तीन वर्षं त्या खिडकीखाली बसले. देसाई सरांखेरीज कोणालाच ठाऊक नव्हतं." जरा थांबून म्हणाली, "बाबांना कळलं असतं तर तंगडी मोडून हातात दिली असती."

मी गाडी चालवत होतो. सांगावं की नाही, हा विचार करत अलका चौकापर्यंत आलो. मग सांगितलं. व्हरांडा, मैदान, मेसच्या मागचा रस्ता. देसाई सरांनी सांगितलं तेवढंच. माझं काही घातलं नाही.

 नारायण पेठेत शिरलो. तिच्या घरासमोर गाडी उभी केली. गल्ली अरुंद, एक गाडी थांबली की सगळं थांबतं.

"रोज?" तिने विचारलं.

"सर म्हणाले, रोज."

"मेसच्या मागून? दुपारचं?"

"हो."

"डोक्यावर टोपीसुद्धा घालायचे नाहीत रे ते," मंदा म्हणाली. "ऊन अजिबात सोसायचं नाही त्यांना. घरी आले की डोकं धरून बसायचे. मी विचारायचे, काय झालं, तर म्हणायचे, मुलांनी डोकं उठवलं."

मागून एका रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. मग त्याच्यामागच्या स्कूटरने. मंदाने मागे वळूनही पाहिलं नाही. दाराच्या कडीवर हात होता, पण तिने दार उघडलं नाही.

"वाजवू दे," ती म्हणाली. "जरा बसते."